वासाखेरीज काहीही नको: ईईजीसाठी गंधयंत्र घडवतानाच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

समुद्रपूर तालुक्यातील आमच्या महाविद्यालयाच्या उपकरणशास्त्र विभागाने आणि जिल्ह्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नाक-कान-घसा विभागाने मिळून हे काम हाती घेतले आहे. डॉक्टरांची अडचण साधी आहे. दुचाकीवरून हेल्मेटविना पडलेल्या माणसाच्या डोक्याला मार बसतो, जखम भरते, आणि काही दिवसांनी त्याच्या लक्षात येते की भाजी करपली तरी आपल्याला कळत नाही. नाकाच्या छताशी चाळणीसारखी छिद्रे असलेले एक पातळ हाड असते. त्यातून वर जाणारे गंधचेतातंतू मेंदूला बसलेल्या हिसक्याने तुटू शकतात. रुग्ण "वास येत नाही" असे सांगतो. परंतु विम्याच्या किंवा नुकसानभरपाईच्या प्रकरणात त्याच्या सांगण्यावर कोणी विसंबत नाही, आणि अर्धवट शुद्धीतला रुग्ण किंवा लहान मूल तर सांगूही शकत नाही. अशा वेळी वास दिल्यानंतर मेंदूत विद्युत प्रतिसाद उमटतो की नाही, हे ईईजीवर, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीवर, पाहता येते. त्यासाठी ठराविक क्षणी, ठराविक प्रमाणात वास नाकापर्यंत नेणारे यंत्र हवे. परदेशी यंत्राची किंमत आमच्या विभागाच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे ते येथेच बनवण्याचे ठरले.

असे यंत्र ही कल्पना जुनी आहे. हेंड्रिक झ्वार्डेमाकर या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे गंधमापक वर्णिले होते. आतली नळी जितकी मागे ओढावी तितका वासाचा पृष्ठभाग उघडा पडे. नाकाची तीक्ष्णता मोजण्यास ते पुरेसे होते, पण ईईजीला ते चालत नाही, कारण ईईजीला वासाचा आरंभ मिलिसेकंदांत ठाऊक असावा लागतो. ती अडचण जर्मनीत एर्लांगेन येथे गेर्ड कोबाल यांच्या सततच्या हवेच्या प्रवाहावर चालणाऱ्या यंत्राने सोडवली. आम्ही त्याच तत्त्वावर जाणार आहोत.

११ फेब्रुवारी

आज मूळ तत्त्व विद्यार्थ्यांना फळ्यावर समजावून सांगितले, कारण ते मनात पक्के बसल्याशिवाय पुढची कोणतीही निवड नीट होणार नाही. नाकात केवळ वासाची चेता नसते. चेहऱ्याला स्पर्श, थंडी, उष्णता आणि झोंब पोचवणारी ट्रायजेमिनल चेताही तेथे पसरलेली असते. बाटलीचे झाकण उघडून हवा फुंकली, तर त्या फुंकरीचा स्पर्श, तिचा गारवा आणि तिचा कोरडेपणा हे सारे वासाबरोबर मेंदूत पोचते, आणि ईईजीवर उमटलेली लाट कशाची हे सांगता येत नाही. ज्याला वास मुळीच येत नाही अशा रुग्णाच्या मेंदूतही फुंकरीने लाट उठेल, आणि आपण त्याला वास येतो असे लिहून मोकळे होऊ.

म्हणून नाकात हवा सतत वाहती ठेवायची. तिचा वेग, तापमान आणि ओलावा बदलू द्यायचा नाही, आणि त्याच प्रवाहात २०० मिलिसेकंदांपुरता बिनवासाच्या हवेच्या जागी वासाची हवा आणून सोडायची. कोबाल यांच्या पद्धतीत ही हवा सुमारे ३६ अंश सेल्सिअसची आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची असते, प्रवाह मिनिटाला साधारण ८ लिटरचा असतो, आणि वास २० मिलिसेकंदांच्या आत पूर्ण तीव्रतेला पोचतो. आम्ही हेच आकडे लक्ष्य म्हणून घेतले आहेत.

१९ फेब्रुवारी

अदलाबदल कशी करायची, यावर आज बराच वाद झाला. नाकाजवळ तीन तोंडांचा सोलेनॉइड (विजेने उघडबंद होणारा) व्हॉल्व्ह बसवणे हा सरळ मार्ग दिसतो. परंतु मग वासाची हवा व्हॉल्व्हच्या रबरी आसनावरून जाते, रबर वास शोषते आणि नंतर तासन्‌तास सोडत राहते. आतून संपूर्ण टेफ्लॉन असलेले व्हॉल्व्ह मिळतात, पण ते महाग आहेत आणि मागवल्यावर येईपर्यंत वाट पाहावी लागते.

त्यामुळे निर्वाताची ओढ वापरण्याचे ठरले. वासाची आणि बिनवासाची अशा दोन्ही हवा मिनिटाला ८ लिटर वेगाने सतत वाहत राहतील आणि नाकपुडीच्या अलीकडे एका छोट्या जोडात भेटतील. प्रत्येक शाखेला बाजूने एक ओढनळी असेल. वासाच्या शाखेवरची ओढ चालू असेल तोवर वास तिकडे निघून जाईल आणि नाकात स्वच्छ हवा येईल. ओढ दुसऱ्या शाखेवर नेली की उलट होईल. ओढ मिनिटाला साडेआठ लिटर ठेवली, म्हणजे ती समोरच्या शाखेतील अर्धा लिटर हवाही मागे खेचेल, वास गळून पुढे येणार नाही, आणि दोन्ही अवस्थांत नाकात साडेसात लिटरच हवा पोचेल. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की व्हॉल्व्ह फक्त टाकून द्यायच्या हवेच्या वाटेवर आहेत. त्यांना कितीही वास लागला तरी तो नाकाकडे परत येत नाही, त्यामुळे बाजारात सहज मिळणारे साधे पितळी व्हॉल्व्ह चालतील. ओढलेली हवा खिडकीबाहेर सोडायची आहे, नाहीतर तासाभरात खोलीच वासाने भरेल.

६ मार्च

साहित्याची निवड आज पूर्ण झाली. पीव्हीसी आणि सिलिकॉनच्या नळ्या बाद केल्या. लवंगतेलाची वाफ फिरवून रात्रभर स्वच्छ हवा सोडली तरी सिलिकॉनच्या नळीला सकाळी दाराशीच वास येत होता. ठिबकच्या नळीचे तुकडे विभागात भरपूर पडलेले असल्यामुळे तेही कोणी तरी पुढे केले. पण तिला स्वतःचाच वास आहे, आणि उन्हात तापल्यावर तो अधिकच येतो. वासाच्या वाटेवर केवळ टेफ्लॉन, काच आणि स्टेनलेस स्टील राहील, आणि जोडांना ग्रीस लावायचे नाही.

कंप्रेसर बिनतेलाचा हवा. तो दंतवैद्यांकडे असतो, त्यामुळे हिंगणघाटात दुरुस्ती होऊ शकेल असा प्रकार मिळाला. त्यानंतर सक्रिय कोळशाचा फिल्टर, मग धूळ अडवणारा बारीक फिल्टर, मग हवेचा प्रवाह मोजणारा रोटामीटर असा क्रम ठेवला आहे.

१७ मार्च

कोणते वास घ्यायचे यावर सर्वांचे मत असते, आणि ते ऐकून घेण्यात अर्धा दिवस गेला. विद्यार्थ्यांचा आग्रह संत्र्याचा आणि भिवापुरी मिरचीचा होता. सध्या मोह गळू लागला आहे, म्हणून चंद्रपूरकडच्या एका विद्यार्थ्याने मोहफुलांचेही नाव घेतले. अभिमान म्हणून हे सारे ठीक आहे. तथापि मिरचीचा ठसका म्हणजे वास नव्हे. तो बहुतांशी ट्रायजेमिनल चेतेचा प्रकार आहे आणि आम्हाला नेमका तोच टाळायचा आहे. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन थोड्या प्रमाणात ठीक, पण तीव्र केल्यास तेही बोचते. मोहफुलांच्या वासात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात आणि फुले जुनी होतील तसे मिश्रण बदलत जाते, त्यामुळे आजचा वास महिन्याभराने तोच राहील याची हमी नाही.

शेवटी गुलाबासारखा वास असलेले फिनाइल इथाइल अल्कोहोल हे मुख्य द्रव्य ठरले, कारण ते जवळपास केवळ गंधचेतेलाच जागवते. यंत्राच्या चाचणीसाठी केळ्यासारख्या वासाचे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट घेतले. त्याची वाफ भरपूर होते आणि मोजमापाच्या उपकरणाला ती सहज दिसते. शिवाय कार्बन डायऑक्साइड ठेवला आहे. त्याला वास नाही, पण तो नाकात झोंबतो, त्यामुळे वास गेलेल्या रुग्णाच्या मेंदूतही त्याने लाट उठायला हवी. ती उठली आणि गुलाबाची उठली नाही, तर यंत्र व ईईजी ठीक असून वासच गेला आहे असे म्हणता येईल. या तिसऱ्या बाटलीवर माझा पहिल्या दोन बाटल्यांपेक्षा जास्त भरवसा आहे.

रुग्णाला वासाचे नाव सांगावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. जर्मनीत तयार झालेल्या 'स्निफिन स्टिक्स' संचात ज्येष्ठमध, टर्पेंटाइन, अननस असे वास ओळखायचे असतात. आमच्या भागातील वयस्क शेतकऱ्याला अननसाचे नाव आले नाही, तर दोष नाकाचा की परिचयाचा, हे ठरवता येत नाही.

एका विद्यार्थ्याने कीटकनाशकाचा वास सुचवला, कारण कापूसपट्ट्यात तो सर्वांच्या ओळखीचा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर या सूचनेवर चर्चा करण्याचे कारण उरत नाही.

२४ एप्रिल

हवेला ओलावा देण्याचा विभाग जोडला आहे, आणि या महिन्याचे बहुतेक काम त्याच्याभोवतीच फिरले.

युरोपातील वर्णनांत खोलीतील हवा थंड असते आणि ती तापवून घ्यायची असते. येथे उपकरणांच्या खोलीत दुपारी पारा चव्वेचाळीसला टेकतो. म्हणून विद्यार्थ्यांची समजूत अशी झाली की आपल्याला हीटरची गरजच नाही, हवा पाण्यातून बुडबुड्यांनी काढली की झाले. त्यांना खिडकीतल्या कूलरकडे बघायला सांगितले. चव्वेचाळीस अंशांची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आली की गार होते, कारण पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. आपल्या बाटलीतही तेच होईल. पंधरा टक्के आर्द्रतेची अशी हवा न तापवलेल्या पाण्यातून काढली, तर ती चोवीस अंशांच्या आसपास उतरेल आणि घनमीटरमागे वीस-बावीस ग्रॅमच वाफ घेऊन बाहेर येईल. आपल्याला ३६ अंशांना ८० टक्के, म्हणजे घनमीटरमागे सुमारे ३३ ग्रॅम वाफ हवी आहे. तेव्हा भर उन्हाळ्यात, बाहेर रस्त्यावरचे डांबर मऊ होत असतानाही, पाणी तापवावेच लागेल.

दुसरा प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारला आणि तो मला आवडला: पावसाळ्यात हवा आधीच ओली असल्यामुळे पाणी कमी लागेल ना? बाहेरची हवा तशीच वापरली असती तर तिचे बरोबर ठरले असते. पण आमची हवा कंप्रेसरच्या टाकीतून येते. टाकीत बाहेरच्या हवेपेक्षा ७ बार जास्त दाब असताना हवा आठव्या हिश्श्याइतक्या जागेत कोंबली जाते, जास्तीचा ओलावा पाणी होऊन तळाशी बसतो, आणि टाकीच्या तापमानाला जेवढी वाफ मावते तेवढीच उरते. बाहेर पडून हवा पुन्हा पसरली की ती वाफ आठपट जागेत विखुरते. त्या हिशेबाने मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांच्या टाकीतून घनमीटरमागे सुमारे ८ ग्रॅम वाफ मिळेल, तर ऑगस्टमध्ये तीस अंशांच्या टाकीतून सुमारे ४ ग्रॅमच. म्हणजे झडीच्या दिवसांत आमची हवा उन्हाळ्यापेक्षा जास्त कोरडी असेल. दोन्ही प्रवाहांचे मिळून तासाला अदमासे २५ ते २८ ग्रॅम पाणी वर्षभर लागेल, आणि टाकीच्या तळाचा नळ पावसाळ्यात रोज सोडावा लागेल.

२ मे

वासाच्या बाटलीचे तापमान स्थिर ठेवणे हा याच उष्म्याचा दुसरा भाग आहे. द्रव्य तापले की त्याची वाफ वाढते, आणि ती सरळ प्रमाणात न वाढता फार वेगाने वाढते. गुलाबगंधाच्या द्रव्याची वाफ पंचवीस अंशांवरून चव्वेचाळीसवर गेल्यास चौपटीहून अधिक होते. सकाळी साडेसातला तपासलेल्या रुग्णाला आणि दुपारी दोनला तपासलेल्या रुग्णाला एकच बाटली लावली, तरी दोघांना सारखा वास मिळाला असे म्हणता येणार नाही.

बाटल्या चाळीस अंशांच्या पाण्यात ठेवायच्या आणि उपकरणांच्या खोलीचे तापमान अडतीसच्या पुढे गेले की चाचणी थांबवायची, असा नियम केला आहे. आमचे पाण्याचे भांडे फक्त तापवू शकते, थंड करू शकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात चाचण्या सकाळीच होतील. हा उपाय मला पुरता समाधानकारक वाटत नाही, पण थंड करणारे भांडे घेण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या रोटामीटरवर खर्चावेत असे माझे मत आहे.

रुग्णाच्या खोलीला मात्र वातानुकूलन अनिवार्य आहे, कारण घामाने ईईजीच्या रेषा सावकाश वर-खाली डोलतात आणि आपल्याला हवी असलेली लाट काही मायक्रोव्होल्टचीच असते. तेथील कूलर काढून टाकला. त्याला वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या, आणि वासाच्या प्रयोगात वाळ्याइतका मोहक अडथळा दुसरा नसेल.

१३ मे

आज प्रयोगशाळेतील परिचर मामा यंत्राशेजारी उभे होते. बाटल्या रिकाम्या होत्या, केवळ अदलाबदल चालू होती. ते सहज म्हणाले, "सर, वास यायच्या आधीच मले तं टक् असं ऐकू येते नं." आमच्या यादीत व्हॉल्व्हच्या आवाजाचा मुद्दा होता, पण खाली कुठे तरी. तो आता सर्वांत वर आला. आवाजाने मेंदूत उठणारी लाट वासाच्या लाटेपेक्षा लवकर आणि अधिक नेमकी येते. प्रत्येक वासापूर्वी एक टक् झाले, तर आपण कानाची तपासणी करून तिला नाकाची म्हणू.

व्हॉल्व्ह रुग्णाच्या खोलीबाहेर, फोम लावलेल्या लाकडी पेटीत हलवले आणि रुग्णाला कानात एकसुरी सळसळ ऐकवण्याची सोय केली. पेटी दूर नेल्यामुळे ओढनळी लांबली, आणि नळीत जितकी जास्त हवा साठते तितकी ओढ बदलण्यास वेळ लागतो. म्हणून पेटी भिंतीपलीकडे, पण भिंतीला लागूनच ठेवली आहे. याशिवाय वासाच्या जागी नुसती बिनवासाची हवा सोडणाऱ्या कोऱ्या फेऱ्या मध्येमध्ये मिसळणार आहोत. कोऱ्या फेरीत लाट दिसली, तर ती वासाची नव्हे एवढे निश्चित.

२८ मे

व्हॉल्व्हच्या गुंडाळ्यांचा विद्युत धक्का ईईजीत उमटत होता. प्रत्येक गुंडाळीला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा जोडला, आणि रुग्णाच्या खोलीत येणारे सर्व भाग बारा व्होल्टच्या बॅटरीवर घेतले. त्यामुळे ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट कमी झाला आणि वीज गेल्यावर मध्येच चाचणी मोडण्याचा प्रश्नही सुटला. डोक्याला इलेक्ट्रोड लावलेल्या माणसाचा मुख्य विजेशी कोणत्याही मार्गाने संबंध येऊ नये, हे तर गुणगुणाटाहून महत्त्वाचे आहे.

११ जून

वासाचा चढता काळ मोजण्यासाठी फोटोआयनायझेशन डिटेक्टर उसना आणला आहे. त्यात १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा असतो. त्याच्या अतिनील प्रकाशाने वासाच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तो प्रवाह मोजला जातो. हवेतील नायट्रोजन-ऑक्सिजनवर त्या दिव्याचा परिणाम होत नाही, म्हणून केवळ वास दिसतो. कारखान्यात गळती शोधण्यासाठी वापरले जाणारे हातातले डिटेक्टर प्रतिसादाला सेकंद घेतात, ते येथे निरुपयोगी आहेत.

पहिल्या नाक-जोडात चढण सपाट होती. कारण आकडेमोडीत सापडले. जोडाच्या आत सुमारे २ मिलिलिटर पोकळी होती. मिनिटाला ८ लिटर म्हणजे सेकंदाला १३३ मिलिलिटर, तेव्हा एवढी पोकळी एकदा भरायलाच १५ मिलिसेकंद लागतात. आणि आतली हवा घुसळत असल्यामुळे जुनी हवा ९५ टक्के निघून जायला त्याच्या तिप्पट, म्हणजे ४५. पोकळी अर्ध्या मिलिलिटरवर आणल्यास तोच काळ अकरा-बारा मिलिसेकंदांवर येतो. लेथवाल्या काकांनी टेफ्लॉनच्या कांडीतून नवा जोड कातून दिला, आतल्या कडा गोल केल्या, आणि पडद्यावरची चढण उभी झाली. वास उतरताना अजून एक शेपूट राहते. तिच्याबाबत संशय टेफ्लॉनवर नव्हे, तर जोडामागच्या खाचेवर आहे.

२० जून

हेच यंत्र एमआरआयमध्ये चालेल का, अशी विचारणा आली. व्हॉल्व्ह, टाकी, कंप्रेसर सारे बाहेरच्या खोलीत ठेवावे लागेल, कारण ३ टेस्लाच्या चुंबकाजवळ लोखंडी वस्तू नेता येत नाही. ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची ६ मीटर नळी घेतली तर तिच्यात ७५ मिलिलिटर हवा मावते आणि वास अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक उशिरा पोचतो. ईईजीला एवढ्या लांब नळीतून पसरट झालेला वास चालणार नाही, पण एमआरआयमध्ये रक्तप्रवाहाचा प्रतिसादच शिखराला यायला पाच-सहा सेकंद घेतो, तेथे वीस मिलिसेकंदांची चढण हवीच कशाला? ही दोन वेगळी यंत्रे आहेत, एकातच दोन्ही बसवण्याचा हव्यास धरू नये असे उत्तर पाठवले.

९ जुलै

चाचणीचा आराखडा डॉक्टरांसोबत निश्चित केला. दोन वासांमध्ये ३० ते ४० सेकंदांचे अंतर राहील, कारण वासाची सवय फार लवकर होते आणि लाट खचते. वीस वास द्यायचे तर दहा ते तेरा मिनिटे लागतात. वीस नोंदींची सरासरी घेतल्याने पार्श्वभूमीचा गोंधळ साडेचार पटींनीच कमी होतो, पण डोळ्यांच्या चाचणीसारख्या शेकडो फेऱ्या येथे शक्य नाहीत. लाटेतील पहिली घसरण साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंदांवर आणि त्यानंतरचा उंचवटा ५०० ते ७०० वर अपेक्षित आहे. मुख्य इलेक्ट्रोड डोक्याच्या मध्यरेषेवर राहतील.

श्वासाचा प्रश्न उरतो. नुसते हुंगण्यानेही गंधाशी निगडित मेंदूभाग जागे होतात, हे नोआम सोबेल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले आहे. म्हणून रुग्णाने टाळूचा मऊ भाग वर उचलून नाकाची मागची वाट बंद ठेवायची आणि तोंडाने श्वास घ्यायचा असतो. हे शब्दांत सांगून कोणाला जमत नाही. चुलीत फुंकणीने फुंकताना घसा जसा धरला जातो तसा धरा, असे म्हटल्यावर कार्यालयातील मावशींना लगेच साधले. फुंकणी न पाहिलेल्या विद्यार्थ्यांना मात्र वेळ लागला.

६ ऑगस्ट

नैतिकता समितीपुढे प्रस्ताव गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संमतिपत्र मराठीत आहे आणि ते सभासदांपैकी वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या व्यक्तीने वाचून पाहिले. मान्यता मिळेपर्यंत कोणाही रुग्णावर चाचणी होणार नाही.

समितीचा सर्वांत नेमका प्रश्न हीटरबद्दल होता: नियंत्रकाचा प्रोग्राम अडकला आणि हीटर चालूच राहिला तर काय? उत्तर म्हणून नियंत्रकाशी संबंध नसलेला, धातूच्या पट्टीवर चालणारा स्वतंत्र थर्मोस्टॅट हीटरच्या वाटेत मालिकेत बसवला आहे. ठरलेल्या तापमानाच्या वर तो वीज तोडतो आणि हाताने दाबल्याखेरीज परत जोडत नाही. नाकातील नळीचे टोक पट्ट्याने डोक्याला बांधायचे नाही, ते टेबलाला लावलेल्या दांडीवर राहील आणि नाकपुडीत सेंटिमीटरभरच शिरेल, म्हणजे रुग्णाला नको वाटले की मान मागे घेणे पुरेल. प्रत्येक रुग्णासाठी टोक वेगळे आणि निर्जंतुक केलेले असेल. काकांकडे अशा टोकांची मागणी नोंदवली आहे. रेखाचित्रात आतल्या खाचेची दुरुस्ती करून ते उद्या त्यांच्याकडे पाठवायचे आहे.